गाडी बसणे (एअर सस्पेन्शन)

गाडी बसणे म्हणजे हवेच्या स्प्रिंगवर चालणारी गाडी उभ्या जागी एका कोपऱ्यात, एका बाजूला नाहीतर अख्खीच खाली येणे. रात्री दारात सरळ लावलेली गाडी सकाळी बघावी तर पुढचा डावा टायर मडगार्डात घुसलेला आणि गाडी नांगी टाकल्यासारखी. लोखंडी स्प्रिंग तुटली तरी गाडी बसतेच, पण ती बसली की बसली. हवेवरची गाडी स्टार्ट मारल्यावर मिनिटाभरात परत उठते, सुरवातीला तरी, आणि तिथंच मालक गाफील राहतो, "उठतीय की, मग काय झालं" म्हणून सहा महिने तशीच चालवतो.

हे प्रकरण कोल्हापूरकरांना तसं नवीन नाही. पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या व्होल्वो ट्रॅव्हल्स याच हवेवर तरंगत जातात आणि त्यातल्या रबरी फुग्याला आपल्याकडं सगळे बलूनच म्हणतात, इथंही तोच शब्द वापरतो. फरक एवढाच की बस-ट्रकला ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर इंजिनावर असतोच, त्यातलीच हवा बलूनला मिळते, आणि हवा किती भरायची ते एक साधा दांडीवरचा व्हॉल्व्ह ठरवतो. कारला इंजिनावर असा कॉम्प्रेसर नसतो. तिथं बारा व्होल्टवर चालणारा, बारक्या पिस्टनचा छोटा कॉम्प्रेसर असतो, तो सलग चालवायला केलेलाच नाही, जास्त तापला की कंट्रोलर, म्हणजे सस्पेन्शन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याला बंद पाडतो. पुढची सगळी रड या एका गोष्टीतून येते.

कारमध्ये ही कल्पना जुनी आहे. कॅडिलॅकच्या १९५७ च्या एल्डोराडो ब्रोममध्ये चारी चाकांना बलून होते, आणि गळतीला वैतागून कित्येक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंग टाकल्या, म्हणजे आज जे चालतं तेच तेव्हाही चाललेलं. १९५५ ची सिट्रोएन डीएस उभी केली की खाली बसायची, पण तिच्यात तेल आणि नायट्रोजन होता, आणि ते बसणं बिघाड नव्हता. आत्ताच्या पद्धतीचं कॉम्प्युटरवालं सस्पेन्शन मर्सिडीजच्या १९९८ च्या एस क्लासपासून जास्त पसरलं, मग ऑडी, रेंज रोव्हर, बीएमडब्ल्यू, व्होल्वो, सगळ्यांच्या मोठ्या गाड्यांत आलं. आपल्याकडं या गाड्या आठ-दहा वर्षं वापरून झाल्यावर सेकंडहँडमध्ये निम्म्याहून कमी किमतीत येतात आणि रबराचं वयही बरोबर तेवढंच झालेलं असतं.

आतली मांडणी अशी. कॉम्प्रेसर हवा ओढतो, ती ड्रायरमधून जाते, ड्रायर म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांची डबी, नव्या बुटाच्या खोक्यात जी पुडी येते तसलाच माल. तिथून हवा व्हॉल्व्ह ब्लॉकला, म्हणजे कुठल्या बलूनला हवा सोडायची ते उघड-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याला, आणि ब्लॉकमधून बोरूएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांनी चार बलूनला. काही गाड्यांत हवा साठवायची टाकीही असते. प्रत्येक चाकाजवळ एक छोटी दांडी लावलेला हाइट सेन्सर गाडी किती वर आहे ते कंट्रोलरला सांगतो. बलूनमधला दाब गाडीच्या वजनाप्रमाणे साधारण पाच ते दहा बार, म्हणजे टायरच्या दुप्पट ते चौपट.

आता मुद्द्याचं. गाडी बसली की बरेच मालक कॉम्प्रेसर बदलून घेतात, कारण बंद पडलेला तोच दिसतो, स्कॅनरवरही (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) बऱ्याचदा त्याचंच नाव येतं. पण कॉम्प्रेसर बहुतेक वेळा मेलेला असतो तो दुसऱ्याच्या पापानं. कुठंतरी केसाएवढी गळती असते, कॉम्प्रेसर ती भरून काढायला दिवसभर चालू-बंद होत राहतो, तापतो, पिस्टनची रिंग झिजते. त्यात ड्रायरची गंमत अशी की गाडी खाली येताना हवा परत ड्रायरमधूनच बाहेर सोडली जाते आणि ती कोरडी हवा जाताना दाण्यातली ओल घेऊन जाते, म्हणजे ड्रायर स्वतःला वाळवत असतो. हवा जर वाटेतच गळून जात असेल तर परतीचा प्रवासच नाही, दाणे ओले ते ओलेच, मग त्यांचा भुगा होऊन व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अडकतो, आत पाणी जातं, गंज धरतो. जून ते सप्टेंबर धो-धो पावसाच्या गगनबावड्याकडून कामाला ये-जा करणाऱ्या गाडीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर हायवेच कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली होता, आणि बऱ्याच गाड्यांत हा कॉम्प्रेसर पुढच्या बंपरमागं खालीच बसवलेला असतो.

तपासणी रात्री सुरू करायची. गाडी सपाट फरशीवर लावून चारी चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्यायचं, खडूनं टायरवर लिहून ठेवायचं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. वायर का, तर बऱ्याच गाड्या बंद केल्यावरही मधूनमधून जाग्या होऊन सगळे कोपरे सारखे करतात, एक कोपरा बसला की उरलेले तीन हवा सोडून त्याच्या बरोबरीला आणतात, आणि सकाळी चोर ओळखूच येत नाही. वायर काढली की गळणारा एकटाच बसतो. थंडीत दुपारी ३५ अंश आणि पहाटे १५ अंश असेल तर हवा नुसती गारठूनच सहा टक्क्यांच्या आसपास आकसते, त्यामुळं चारी कोपरे सारखे थोडे उतरले तर घाबरायचं नाही. एकच कोपरा उतरला तर बलून, नळी किंवा तिथलं फिटिंग. एका एक्सलचे, म्हणजे पुढचे नाहीतर मागचे, दोन्ही उतरले तर आधी व्हॉल्व्ह ब्लॉक. टेपवर गाडी खाली आणि स्कॅनरवर उंची बरोबर असेल तर सेन्सर नाहीतर त्याची दांडी, ही दांडी स्वस्त असते आणि खड्ड्यात सहज निखळते.

मग साबणाचं पाणी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात हे जवळून बघितलंय. दहा वर्षांची एसयूव्ही, आधीच्या ठिकाणी दोनदा कॉम्प्रेसर बदललेला, मालक वैतागलेला. मिस्त्रीनं गाडी फुल उंचीला घेऊन घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावल्या, फवारणीच्या बाटलीत भांड्याचा साबण कालवला आणि नळीच्या तोंडाला, बलूनच्या वरच्या टोपीला, रबर स्वतःवर दुमडतं त्या खालच्या घडीला मारत गेला. काहीच नाही. मालकाचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाला, "मालक, थांबा, अजून उतरवतो थोडी." गाडी नेहमीच्या उंचीला आणली, घडी जरा वर सरकली आणि तिथं हळूहळू पांढऱ्या फेसाचा तुरा उगवला, मोहरीच्या दाण्याएवढ्या बुडबुड्यांचा. चीर घडीच्या आत होती, गाडी उंच असताना दाबली जायची आणि खाली आली की उघडायची. म्हणून साबण प्रत्येक उंचीला मारून बघायचा असतो. कॉम्प्रेसरच्या हवा सोडायच्या तोंडालाही मारायचा, गाडी बंद असताना तिथं बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह आतून गळतोय.

दुरुस्तीत पहिली गोष्ट जीवाची. हवेवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, नळी सुटली तर गाडी क्षणात टायरवर येते. घोड्या, चाक सरकू नये म्हणून उटी, आणि नळी खोलायच्या आधी स्कॅनरनं त्या कोपऱ्याची हवा काढून घ्यायची. बलूनला पंक्चरचा पॅच टिकत नाही, कारण ते रबर टायरसारखं एका जागी राहत नाही, दर खड्ड्याला स्वतःवरच गुंडाळतं आणि सुटतं. उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं पण दोऱ्याचं अस्तर असलेलं हे रबर नाही. स्क्रॅपमधला जुना बलून म्हणजे तर पैसे देऊन दुसऱ्याचं म्हातारपण विकत घेणं. नळीच्या तोंडाशी गळत असेल तर मात्र काम चिल्लर आहे, नळीचं टोक धारदार ब्लेडनं काटकोनात कापायचं आणि आतली पितळी रिंग नवीन घालायची, जुनी परत धरत नाही.

नवीन बलून बसवल्यावर गाडी थेट त्याच्यावर टेकवायची नाही. आधी चाक हवेत असतानाच थोडी हवा भरून घडी नीट पडलीय का बघायचं, रिकाम्या बलूनवर वजन आलं की घडी वाकडी बसते आणि नवा माल पहिल्याच दिवशी फाटतो. एका बाजूचा गेला की दुसऱ्या बाजूचा त्याच वयाचा असतो, पैसे असतील तर जोडी बदलावी. गळती संपल्यावर मग कॉम्प्रेसरकडं वळायचं. बऱ्याच मॉडेलना पिस्टन रिंगचं किट मिळतं, ड्रायरचे दाणे आणि रिले (कॉम्प्रेसरला वीज देणारा स्विच) त्याबरोबरच बदलायचा, चिकटलेला रिले कॉम्प्रेसरला रात्रभर चालवून जाळू शकतो.

साध्या स्प्रिंग टाकणे हा पर्याय कोल्हापुरात बराच चालतो, आणि ज्याला गाडी नुसती चालवायची आहे त्याला तो वाईटही नाही. पण डॅशवरचा दिवा गप्प करायला वेगळा मॉड्यूल लागतो, ओझं भरल्यावर मागं दबणारी गाडी आपोआप उचलत नाही, आणि मऊपणा जातो तो जातोच.

काम झाल्यावर स्कॅनरनं उंचीचं कॅलिब्रेशन, आणि रात्री परत तीच खडूची मापं. त्या एसयूव्हीचा आधी गळणारा पुढचा डावा कोपरा दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मिलिमीटर उतरला होता, बाकीचे तीनही तेवढेच.