गाडी सरळ धावते म्हणजे अलाइनमेंट ठीक असते का?

स्टीअरिंग सैल सोडल्यावर गाडी सरळ गेली की अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, ठीक आहे, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी चांगले टायर अकाली टाकून द्यावे लागतात.

या कोनांपैकी सगळ्यात जास्त झीज करतो तो टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. पुढची दोन्ही चाकं सारखीच आत वळलेली असतील, तर दोन्हींचा ओढा एकमेकांना तोडीस तोड ठरतो. गाडी सरळ जाते, टायर मात्र सतत आडवे घासले जातात. चाक फक्त 0.1 अंश तिरकं असलं, तरी दर किलोमीटरला ते सुमारे पावणेदोन मीटर बाजूला घसटतं! ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, आडवा हात फिरवून पाहा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने धारदार लागलं तर संशय टोवरच घ्यावा.

कॅम्बर म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल. तो जास्त बिघडला की टायरची एकच कड झिजते, बहुधा आतली, जी सहज दिसत नाही. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे असलेला कल; त्याचा झिजेशी संबंध कमी. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होणं आणि वेगातली स्थिरता त्यावर अवलंबून असते.

उलटही खरं आहे. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा दोष अलाइनमेंटचाच असेल असं नाही. रस्त्याचा उतार, हवेचा कमी दाब किंवा अडकलेला ब्रेकही कारण असू शकतं. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, तपासा.