स्फटिक रेडिओसंचाची दुरुस्ती व जतन

स्फटिक रेडिओसंचाची दुरुस्ती व जतन : निर्वात नळ्या न वापरता, एरिअलने टिपलेल्या रेडिओतरंगांच्याच ऊर्जेवर हेडफोन वाजविणाऱ्या जुन्या संचाचे मूळ भाग शक्य तितके राखून तो पुन्हा चालता करणे. येथे मुख्यतः 1920 च्या दशकातील ब्रिटिश संच गृहीत धरले आहेत. दर्शनी पट्टीवर बीबीसीचा गोल शिक्का असल्यास संच 1922 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला मानण्यास हरकत नाही.

संचाचा गाभा म्हणजे डिटेक्टर, म्हणजे रेडिओतरंगांतून ऐकू येणारा संकेत वेगळा काढणारा भाग : बहुधा गॅलिना (शिशाचे सल्फाइड) या खनिजाचा खडा आणि त्यावर टेकणारी ‘कॅट व्हिस्कर’ म्हणजे मांजराची मिशी या नावाची बारीक तार. त्याच्या शोधाच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. काही धातूंच्या सल्फाइडांतून वीजप्रवाह एका दिशेने अधिक सहज वाहतो, हे फेर्डिनांट ब्राउन यांनी 1874 मध्ये दाखविले. पण तेव्हा रेडिओतरंगच प्रयोगाने सिद्ध व्हायचे होते. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिनाच्या डिटेक्टरसाठी 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज केला व 1904 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. हेन्री डनवुडी (कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड) आणि ग्रीनलीफ पिकार्ड (सिलिकॉन) यांची पेटंटे 1906 ची आहेत. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी वॉल्टर ब्रॅटन यांनी पुढे बोस यांना अग्रक्रम दिला, आणि तोच पक्ष सबळ वाटतो. मात्र बोस यांचा भर अतिलघू तरंगांच्या प्रयोगांवर होता. ऐकण्याच्या संचात स्फटिक रुळला तो पिकार्ड यांच्या कामानंतर.

दुरुस्तीत या इतिहासाचा उपयोग खडा ओळखण्यासाठी होतो. गॅलिनाला तारेचा स्पर्श अगदी हलका लागतो. कार्बोरंडमला पोलादी टोकाचा चांगला दाब आणि बॅटरीचा थोडा विद्युत्‌दाब लागतो, म्हणून अशा संचातली बॅटरीची जागा नंतरची जोड समजून काढून टाकू नये. बोटांच्या तेलकटपणाने गॅलिना मंदावते. खडा चिमट्याने धरून स्पिरिट व मऊ ब्रशाने पुसावा. एवढ्याने भागले नाही तर त्याचा पापुद्रा फोडून ताजा, चकाकता पृष्ठभाग उघडा करावा. खडा वाटीत बसविण्यास वुड मिश्रधातू वापरतात. तो सुमारे 70° से. ला, म्हणजे उकळत्या पाण्यातही वितळतो. नेहमीच्या डाखाच्या उष्णतेने खडा निकामी होऊ शकतो. या मिश्रधातूत शिसे व कॅडमियम असल्याने हात धुण्याची हयगय करू नये.

संच मुका असला की आधी खड्यावर संशय घेतला जातो; तो बहुधा चुकीचा असतो. पहिली तपासणी हेडफोनची करावी. जोडीचा रोध साधारण 2,000 ते 4,000 ओहम असावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर केसाहून बारीक तारेचे वेटोळे तुटलेले असते किंवा दोरीतली जरीसारखी तार झिजलेली असते. पडदा उचकटून काढू नये, बाजूला सरकवून काढावा. आजचे 32 ओहमांचे हेडफोन रोहित्राशिवाय येथे चालत नाहीत.

केंद्र जुळवण्याच्या वेटोळ्यावरचे सुती आवरण जुने झाले तरी तार नव्याने गुंडाळू नये. सरकत्या टोकाखालचा उघडा पट्टा फक्त साफ करावा. दर्शनी पट्टीचे एबोनाइट (कठीण केलेले रबर) उन्हाने हिरवट-तपकिरी होते. घासून काळे करण्याच्या नादात कोरलेली अक्षरे जातात. खड्याऐवजी 1एन34 सारखा जर्मेनियम डायोड मागील बाजूस, काढता येईल असा जोडणे काही संग्राहक क्षम्य मानतात.

भारतात मुंबईचे रेडिओ प्रक्षेपण केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. त्याची शक्ती 1.5 किलोवॅट असल्याने असे संच मुख्यतः शहर व लगतच्या भागापुरतेच उपयोगी होते.

चाचणीसाठी लांब एरिअल व पक्के अर्थिंग लागते. काही संचांत चाचणीचा संकेत देणारा छोटा बझर (गुणगुणणारे विद्युत् उपकरण) असतो. तो वाजवून, तार खड्यावर जागोजागी टेकवीत, हेडफोनमधला आवाज सर्वांत मोठा येईल तो बिंदू शोधतात. टेबलाला धक्का लागला तर पुन्हा पहिल्यापासून.