अन्नाचा पोत आणि आवडनिवड

अन्नाचा पोत : पदार्थ दाताखाली, जिभेवर, टाळूशी आणि घशातून उतरताना जसा जाणवतो तो त्याचा गुण. कडक, मऊ, कुरकुरीत, चिवट, रवाळ, बुळबुळीत, ओशट ही पोताची नेहमीची वर्णने. चव रुचिकलिकांना कळते, गंध नाकाला; पोत मात्र स्पर्श, दाब, तापमान आणि आवाज यांतून एकत्रितपणे कळतो. खाण्याच्या आवडीनिवडीची चर्चा बहुधा चवीपाशी सुरू होऊन चवीपाशीच संपते, पण माणसाचा नकार पुष्कळदा पोताला असतो. भेंडीच्या चवीला नावे ठेवणारा क्वचित भेटतो. नको असते ती तिची तार. दूध आवडीने पिणारे कितीतरी जण ओठाला साय लागताच पेला खाली ठेवतात.

कोकण-गोव्यात फणसावरून पडणारे दोन पक्ष हे याचे उत्तम उदाहरण आहे. काप्या फणसाचे गरे घट्ट, करकरीत आणि चावून खायचे. बरक्याचे (गोव्यात रसाळ) मऊ, बुळबुळीत आणि जवळजवळ गिळायचे. फळ तेच, गोडीतही बरका कमी पडत नाही, तरी अनेकांना तो घशाखाली उतरवता येत नाही. त्याच बरक्याचा रस काढून सांदणे किंवा फणसपोळी केली की तीच माणसे ती आवडीने खातात. पोत बदलला, हरकत संपली. उलट चिनी पाककलेत जेलीफिशसारखा जवळजवळ बेचव जिन्नस केवळ दाताखाली येणाऱ्या करकरीतपणासाठी खाल्ला जातो.

जाणीव कशी होते : दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंमध्ये दाब ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात, त्यामुळे भाताच्या घासातला बारीकसा खडाही तत्काळ कळतो. जिभेवर सर्वाधिक संख्येने असणाऱ्या धाग्यासारख्या अंकुरांत रुचिकलिका नसतातच. त्यांचे काम स्पर्श आणि घर्षणाचे. या संवेदना मुख्यतः त्रिमूल तंत्रिकेमार्फत (चेहरा व तोंडाच्या स्पर्शाची नस) मेंदूकडे जातात. चॉकलेटातले कण साधारण ३० मायक्रोमीटरपेक्षा मोठे राहिले तर ते जिभेला कचकचीत लागते, आणि त्यातले कोको बटर ३४ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे तोंडाच्या उष्णतेत वितळते. चॉकलेटची ओढ लागते त्यात या विरघळण्याचा वाटा मोठा आहे.

पोताचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत अलिना श्चेस्नियाक यांनी जनरल फूड्स या कंपनीत सुरू केला. १९६३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोताचे यांत्रिक गुण, कणांचा आकार-रचना आणि ओलावा-स्निग्धता असे भाग पाडले. कठीणपणा मोजण्याची त्यांची पट्टी क्रीम चीजपासून सुरू होऊन खडीसाखरेपर्यंत जाते. पुढे १९८८ मध्ये हचिंग्ज आणि लिलफर्ड या संशोधकांनी एक महत्त्वाची भर घातली : पोत स्थिर नसतो. घास फुटत जातो, लाळेने ओला होत जातो, आणि या प्रवासाला लागणारा वेळ हाही पोताचाच भाग असतो. मिसळीतले फरसाण रश्शात किती वेळ राहू द्यायचे यावर एकाच टेबलावर दोन मते का असतात, ते यावरून समजते. एकाला वरची कुरकुर हवी असते, दुसऱ्याला रस्सा पिऊन मऊ झालेली शेव.

कुरकुरीतपणा : कुरकुरीत पदार्थाची आवड जगभर दिसते, आणि तिच्यात कानाचा वाटा आहे. पापड, चकली किंवा वेफर यांच्या पातळ, कोरड्या भिंती एकामागून एक तुटतात. प्रत्येक तुटण्याचा आवाज हवेतून तसाच जबड्याच्या हाडातूनही कानापर्यंत जातो. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅसिमिलियानो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बटाट्याच्या चिप्स चावताना स्वतःचाच आवाज हेडफोनवरून ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातले उंच स्वर वाढवले की त्याच चिप्स लोकांना अधिक कुरकुरीत आणि ताज्या वाटल्या. काकडी किंवा गाजर यांचा करकरीतपणा ताजेपणाची खूण असतो, तर तळण-भाजणीचा कुरकुरीतपणा खमंग वासासोबत येतो. या दोन्ही सोबतींमुळे ही आवड पक्की होत असावी.

हा गुण टिकतो मात्र फार थोडा. तळलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थातला स्टार्च कोरडा असताना काचेसारखा ठिसूळ असतो. हवेतला ओलावा शिरला की तो रबरासारखा होतो. यालाच सादळणे म्हणतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाचे डबे, वातड झालेला पापड पुन्हा निखाऱ्यावर धरणे, पोहे आधी उन्हात वाळवणे हे सगळे पाण्याविरुद्धचे उपाय. मोहनाचे काम वेगळे. शंकरपाळ्यांच्या पिठात घातलेले कडकडीत तूप पिठाच्या कणांवर बसते, मैद्यातल्या ग्लूटेन या चिवट प्रथिनाचे लांब धागे जुळू देत नाही, आणि शंकरपाळी कडक न होता खुसखुशीत होते. मोहन जास्त झाले तर चकली तेलातच विरते.

माणसामाणसांतला फरक : मेलिसा जेल्टेमा, जॅकलिन बेकली आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास खाणाऱ्यांचे चार गट मांडले : चावत राहणारे, कुरकुरीत फोडणारे, चोखणारे आणि जीभ-टाळूत दाबून विरवणारे. ही विभागणी उत्पादनांच्या बाजारासाठी उपयोगी असली तरी माणूस एका खान्यात बसत नाही. रायवळ आंबा चोखणारा दाण्याची चिक्कीही कडाकडा फोडतो. शरीरातली कारणे अधिक ठोस आहेत. लाळेतल्या, स्टार्च फोडणाऱ्या अमायलेज या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण माणसागणिक खूप बदलते. फिलाडेल्फियातील मोनेल या चव-गंधाच्या संशोधन केंद्राच्या २०१० मधील अभ्यासात हे विकर ज्यांच्यात जास्त होते त्यांना स्टार्चचे मिश्रण तोंडात लवकर आणि अधिक पातळ झाल्याचे जाणवले. म्हणजे एकाच वाटीतली खीर दोघांच्या तोंडात एकसारखी नसते.

मऊ पदार्थ कमी चावले जातात, लवकर संपतात आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत जास्त खाल्ले जातात. अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या २०१९ मधील प्रयोगात अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात बनलेल्या तयार पदार्थांच्या) आहारावर लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त घेतल्या आणि खाण्याचा वेगही जास्त होता. पोत हे त्यामागच्या संभाव्य कारणांपैकी एक मानले जाते.

काही वेळा तर ओढ निव्वळ पोताचीच असते. बर्फाला चव नसते, तरी तो सतत कडाकडा चावत राहावेसे वाटणे हे लोहाच्या कमतरतेशी जोडलेले परिचित लक्षण आहे, आणि लोह दिल्यावर ते बहुधा थांबते. कोरडे तांदूळ किंवा भाजलेली माती खाण्याची इच्छाही याच कुळातली. गरोदर बाईच्या अशा इच्छेला डोहाळे म्हणून कौतुकाने पाहिले जाते. तिचे हिमोग्लोबिन तपासणे त्याहून महत्त्वाचे आहे.

लहानपण आणि म्हातारपण : पोताची सवय तोंडाला शिकावी लागते. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत, नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळ्या असलेले अन्न मिळालेली मुले सातव्या वर्षी फळे-भाज्या तुलनेने कमी प्रकारच्या व कमी खात होती आणि त्यांच्या खाण्याच्या तक्रारीही जास्त होत्या. मिक्सरमधून काढलेली खिचडी सोयीची असते, पण गुरगुट्या भात हाताने कुस्करून देण्यात बाळाला दाणा ओळखण्याची संधी मिळते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये पोताची संवेदना अनेकदा फार तीव्र असते. मऊ भातात अचानक आलेला टोमॅटोच्या सालीचा तुकडा त्यांना खरोखर असह्य होतो, त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

दात गेल्यावर आवड जात नाही. खलबत्त्यात विडा कुटून खाणारी म्हातारी माणसे हीच गोष्ट सांगत आली. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णांसाठी अन्नाच्या घट्टपणाच्या ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरवल्या गेल्या आहेत, म्हणजे घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. सगळे जेवण एकसारखे वाटून दिले की रुग्णाचे खाणे अनेकदा कमी होते. म्हणून वाटलेले गाजर, वाटलेली डाळ आणि भात ताटात निरनिराळे वाढणे योग्य. जपानमध्ये विकरांच्या साहाय्याने मासा किंवा भाजी आकार-रंग तसाच ठेवून जिभेने दाबताच फुटेल इतकी मऊ करण्याचे तंत्र वापरात आहे.