अनाकलनीय दातदुखी व दातांचे सरकणे

कीड, तुटलेला दात, हिरडीची सूज असे उघड कारण सापडत नसताना होणारी दातदुखी आणि तिच्या जोडीने किंवा स्वतंत्रपणे दात जागा सोडत असल्याची तक्रार. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे मूळ एकच असे नाही, म्हणून दोहोंचा तपास सुरुवातीला वेगवेगळा करावा लागतो.

दुखरा दात ओळखण्यात रुग्णाची चूक होणे स्वाभाविक आहे. दात व जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा दंतबंध, म्हणजे दात हाडाला बांधणारा तंतूंचा थर, असतो. दाब नेमका कोणत्या दातावर पडला हे त्यातील चेताग्रांमुळे (चेता म्हणजे नसांच्या टोकांमुळे) कळते. दाताच्या आतल्या गराला ती सोय नाही. त्यामुळे दाह गरापुरता असेपर्यंत रुग्ण खालच्या दाढेऐवजी वरचीही दाखवतो, आणि दाह मुळाच्या टोकाबाहेर गेला की अचूक बोट ठेवतो. उजवे-डावे मात्र सहसा चुकत नाही. एक्स-रेही पुरेसा नसतो. मुळाशी आतले सच्छिद्र हाड झिजू लागले तरी झीज बाहेरच्या कठीण थरापर्यंत पोचेपर्यंत ती अनेकदा दिसत नाही. दाताला गेलेली बारीक चीर तर बहुधा निसटतेच. तिची खूण म्हणजे चावताना, विशेषतः चावा सोडताना उठणारी सणक. म्हणून दाढेच्या प्रत्येक उंचवट्यावर वेगळे चावायला लावून पाहतात.

दात निर्दोष असूनही दुखतो. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या (गालाच्या हाडातील हवेच्या पोकळीच्या) तळाला लागून असतात, त्यामुळे सायनस सुजला की ओळीने दोन-तीन दाढा ठणकतात आणि खाली वाकल्यावर ठणका वाढतो. झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये थकलेल्या गालाच्या स्नायूची वेदना दाढेत जाणवू शकते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या चेहऱ्याच्या चेतेच्या आजारात नुसत्या स्पर्शाने किंवा वाऱ्याने विजेच्या झटक्यासारखी कळ येते आणि काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत ओसरते. या आजारात निरोगी दात उपटले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. श्रमाने सुरू होऊन विश्रांतीने थांबणारे खालच्या जबड्याचे दुखणे हृदयाचे असू शकते, तिथे दंतवैद्याची वेळ घेत बसू नये. यांपैकी काहीच नसताना रोज दोन तासांहून अधिक आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणारी वेदनाही एक मान्य निदान आहे. रूट कॅनॉलनंतर किंवा दात काढलेल्या जागीही ती होते आणि तिच्यावर इलाज चेतावेदनेच्या औषधांनी करतात.

दात जन्मभर थोडेथोडे सरकतच असतात. वयानुसार खालच्या पुढच्या दातांची दाटी वाढते. तिचे खापर अक्कलदाढेवर फोडले जाते, पण तो आरोप पुराव्यावर टिकलेला नाही. तारा काढल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारे साधन) टाळला तर दात पूर्वीच्या जागेकडे झुकतात. एखादा दात काढून जागा रिकामी ठेवली तर शेजारचे दात त्या जागेकडे झुकतात. मात्र प्रौढपणी वरच्या पुढच्या दातांत नवी फट पडणे, ते पंख्यासारखे पुढे पसरणे, हे परिदंत रोगाने (दाताभोवतीच्या हिरडी व हाडाच्या रोगाने) हाड कमी झाल्याचे लक्षण असू शकते. हा रोग फारसा दुखत नाही, हीच त्याची खोड. दात व हिरडी यांमधली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असेल तर ठीक. ४ किंवा अधिक भरली आणि रक्त आले तर पुढे तपासतात. हिरड्या धड असताना एकच दात हलू लागणे किंवा खालचा ओठ बधिर होणे यामागे गाठ असू शकते, म्हणून तिथे थांबून चालत नाही.

कधी दात हललेलेच नसतात, पण चावा बदलल्याची जाणीव रुग्णाला सोडत नाही. दंतवैद्य मार्बाख यांनी १९७६ मध्ये या अवस्थेला ‘फँटम बाइट’ (भासमान चावा) म्हटले. रुग्णाच्या सांगण्यावरून दात घासून चावा जुळवत राहिल्यास तक्रार बहुधा वाढते. खरे सरकणे आणि भासणारे सरकणे यांतला फरक काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले साचे किंवा हसऱ्या चेहऱ्याची जुनी छायाचित्रे शेजारी ठेवून कळतो.

वेदनेच्या बाबतीत तसेच काम स्थानिक भूल करते. संशयित दात बधिर केल्यावर दुखणे पूर्ण थांबले, तर उगम त्या भागात असण्याची शक्यता वाढते. भूल नीट लागूनही ठणका तसाच राहिला, तर त्या दातावर रूट कॅनॉल करण्याआधी सायनस, स्नायू आणि चेता तपासाव्या लागतात.