खुब्याच्या फ्रॅक्चरला प्लेट की रॉड : वादाची पार्श्वभूमी

खुब्याच्या फ्रॅक्चरला सर्रास रॉड टाकण्याची पद्धत फार जुनी नाही. १९३१ मध्ये बॉस्टनहून तीन पात्यांच्या खिळ्याचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि म्हाताऱ्या रुग्णाला ट्रॅक्शन लावून, म्हणजे वजनाने पाय ताणून, महिनोन्‌महिने झोपवून ठेवण्याला पर्याय दिसू लागला. पन्नास-साठच्या दशकांत सरकता स्क्रू आणि प्लेट आली. रुग्णाने पायावर भार दिला की स्क्रू नळीत मागे सरकतो, तुटलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि हाड जुळतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा आखूड नेल, म्हणजेच रॉड, युरोपात आला. भार पोकळीतून गेला तर धातूवर ताण कमी येतो, हा तर्क पटण्यासारखाच होता. पण सुरुवातीच्या नेलच्या टोकापाशी काही रुग्णांचं मांडीचं हाडच मोडलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला दुसऱ्यांदा टेबलवर घेणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. पुढे नेलचा आकार सुधारला, हा धोका बराच उतरला.

तरीही वापर पुराव्याच्या पुढे धावला. अमेरिकेत अस्थिशल्यचिकित्सक म्हणून मान्यतेसाठी बोर्डाची परीक्षा देणाऱ्या तरुण सर्जनांमध्ये या फ्रॅक्चरसाठी नेल वापरण्याचं प्रमाण १९९९ मध्ये ३ टक्के होतं, ते २००६ मध्ये ६७ टक्के झालं. साध्या फ्रॅक्चरमध्ये नेल प्लेटपेक्षा सरस आहे असं त्या काळातल्या तुलनात्मक चाचण्या दाखवत नव्हत्या, शिवाय नेल महाग. म्हणून २०११ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट बाजू घेतली : एओ या फ्रॅक्चरच्या वर्गीकरणातल्या ए१ आणि ए२ प्रकारांना प्लेट, लहान ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातला आतल्या बाजूचा उंचवटा) खालच्या फ्रॅक्चरला नेल. आपल्याकडे अनेकदा हा खर्च घरच्यांच्या खिशातून होतो, त्यामुळे या निर्णयाची चर्चा इथे जास्त व्हायला हवी.

नेलच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा डेन्मार्कमधून आला. प्लेट बसवलेल्या रुग्णांच्या २००७ मधल्या अभ्यासात, मांडीच्या हाडाची बाहेरची भिंत फुटलेल्यांपैकी २२ टक्के जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. भिंत शाबूत असलेल्यांत ३ टक्के. त्याच एओ वर्गीकरणाच्या २०१८ च्या सुधारित आवृत्तीने ही भिंत मोजायलाच लावली. जाडी २०.५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर फ्रॅक्चर ए२. म्हणजे २०११ मध्ये ज्या ए२ साठी प्लेट सुचवली होती, त्या ए२ ची व्याख्याच आता कमकुवत भिंतीवर उभी आहे. जुनी सूचना नव्या वर्गीकरणाला जशीच्या तशी लावली, तर प्लेट नेमकी जिथे दगा देते तिथेच बसवली जाईल.