माल्कम (स्कॉटिश नाव)

माल्कम हे स्कॉटलंडमधलं एक जुनं, अस्सल गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी भाषा) वळणाचं पुरुषांचं नाव आहे. आपल्याकडे कुणी मॅल्कम लिहितं, कुणी मालकम, जुन्या मराठी कागदांत माल्कम दिसतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या एम च्या आधी अजून एक एल असतो, तो नुसता लिहायचा, उच्चारायचा नाही, त्यामुळे "माल्कोल्म" असं वाचलंत तर स्कॉटिश माणूस हसेल.

मूळ गेलिक रूप मेल कोलुम, त्यातला कोलुम म्हणजे संत कोलंबा. यातल्या मेल चा शब्दशः अर्थ टकला किंवा डोकं भादरलेला, आणि त्यावरून सेवक, भक्त. ख्रिश्चन मठवासी डोक्याचे केस काढायचे, म्हणून ज्याचं मुंडण झालंय तो देवाचा किंवा संताचा माणूस, असा हा प्रवास. म्हणजे आपल्याकडे रामदास, विठ्ठलदास अशी नावं होतात ना, अगदी तसंच, माल्कम म्हणजे सरळ मराठीत "कोलंबादास". संताचं नाव थेट पोराला ठेवणं गेलिक लोकांना जरा आगाऊपणाचं वाटायचं, म्हणून ते पुढे मेल किंवा गिले (पोरगा, चाकर) लावायचे. मेल ईसू म्हणजे येशूदास, त्याचं पुढे मॅलिस झालं, आणि गिलख्रिस्ट, गिलेस्पी ही आडनावं याच गिले वाल्या पद्धतीची. मुंडणाची तऱ्हासुद्धा वेगळी होती, आयर्लंड-स्कॉटलंडकडचे साधू डोक्याचा पुढचा भाग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत साफ करायचे आणि रोमवाले मधला भाग काढून भोवती केसांचं कडं ठेवायचे. इसवी सन ६६४ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या धर्मसभेत मुख्य वाद ईस्टरच्या तारखेचा होता, पण मुंडणाचा प्रश्नही त्यात होता, आणि रोमवाल्यांची पद्धत जिंकली. आता डोकं कसं भादरावं यावर धर्मसभेत वाद घालायचा हे ऐकायला गंमतीचं वाटतं, पण शेंडी ठेवावी का काढावी यावरून आपल्याकडेही कमी रणं झालेली नाहीत.

आता कोलंबा कोण. हा आयर्लंडमधल्या डोनेगलचा, राजघराण्यातला माणूस, जन्म ५२१ च्या सुमाराचा. ५६३ मध्ये बारा साथीदार घेऊन समुद्र ओलांडून तो आयोना या बेटावर आला आणि तिथे मठ काढला. बेट केवढंसं, लांबी जेमतेम ५ किलोमीटर, पण स्कॉटलंडमध्ये ख्रिश्चन धर्म पसरला त्यात या मठाचा वाटा फार मोठा. कोलंबा म्हणजे लॅटिनमध्ये कबुतर, गेलिकमध्ये त्याला कोलुम किले म्हणतात, "चर्चचं कबुतर". गंमत म्हणजे परंपरेनुसार त्याचं आधीचं नाव क्रिमथान होतं आणि त्याचा अर्थ कोल्हा असा सांगतात, म्हणजे कोल्ह्याचं कबुतर झालं. त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच मठाचा प्रमुख अडोमनान याने त्याचं चरित्र लिहिलं, त्यात नेस नदीतल्या एका भयंकर जनावराला कोलंबाने नुसत्या शब्दाने परतवल्याची गोष्ट आहे, आणि लॉख नेसच्या राक्षसाचा सगळ्यात जुना उल्लेख म्हणून लोक आजही हीच गोष्ट पुढे करतात. अमेरिकेला पोचलेल्या कोलंबसच्या नावातही हेच लॅटिन कबुतर आहे, म्हणजे माल्कम आणि कोलंबस ही नावं लांबची भावकी म्हणायला हरकत नाही.

हे नाव गाजलं ते मात्र साधूंमुळे नाही, राजांमुळे. स्कॉटलंडच्या गादीवर चार माल्कम बसले. पहिला ९४३ ते ९५४, दुसरा १००५ ते १०३४, तिसरा १०५८ ते १०९३ आणि चौथा ११५३ ते ११६५. तिसरा सगळ्यात प्रसिद्ध, त्याला कॅनमोर म्हणत, म्हणजे मोठं डोकं किंवा मोठा नायक, कसंही घ्या. याचा बाप डंकन याला मारून मॅकबेथ राजा झाला होता, आणि १०५७ मध्ये याने मॅकबेथला संपवलं. शेक्सपिअरच्या नाटकात शेवटी राजा होतो तो माल्कम हाच, आणि स्कॉटलंडबाहेरच्या कित्येकांना हे नाव पहिल्यांदा त्या नाटकातूनच कळतं. नाटकातला मॅकबेथ फारच काळा रंगवलाय, खरा मॅकबेथ सतरा वर्षं बऱ्यापैकी नीट राज्य करून गेला, पण ते असो.

तिसऱ्या माल्कमच्या घरातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याची दुसरी बायको मार्गारेट ही इंग्रज राजघराण्यातली, पुढे १२५० च्या सुमाराला तिला संतपदही मिळालं. त्यांना सहा मुलगे झाले आणि त्यांची नावं एडवर्ड, एडमंड, एथेलरेड, एडगर, अलेक्झांडर आणि डेव्हिड. एकही गेलिक नाव नाही! म्हणजे दरबाराची भाषा आणि वारं कुठे वळत होतं ते पाळण्यातच दिसतं. डेव्हिडचा नातू तेवढा परत माल्कम झाला, तो चौथा, बारा वर्षांचा असताना गादीवर आला आणि चोविसाव्या वर्षी लग्न न करताच गेला. त्यानंतर स्कॉटलंडला माल्कम नावाचा राजा कधी झाला नाही.

राजवाड्यातून नाव गेलं तरी डोंगराळ भागात आणि पश्चिमेच्या बेटांवर ते टिकून राहिलं. तिकडच्या गेलिकमध्ये त्याचं रोजचं रूप कॅलम. एकाच गावात पाचपन्नास कॅलम आणि डोनाल्ड असले की ओळखायचं कसं, तर बापाचं आणि आजोबाचं नाव मागे जोडायचं. "कॅलम इयन डोनाल्ड" म्हणजे डोनाल्डच्या इयनचा कॅलम. आपल्याकडे शाळेच्या हजेरीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रांग असते त्याची ही सख्खी बहीणच, आपण नाही का म्हणत गावात, "गणप्याच्या बाळूचा पोरगा". मुलगी झाली तर माल्कमीना, कारण वंशातलं नाव पुढे न्यायचंच अशी तिथली रीत, डोनाल्डीना आणि विल्यमीनासुद्धा तशाच झाल्या. मॅकॅलम म्हणजे कॅलमचा पोरगा हे आडनावही त्यातलंच. अर्गाइल भागातल्या पोल्टॅलॉखच्या मॅकॅलम घराण्याने अठराव्या शतकात माल्कम हेच आडनाव घेतलं, आणि या घराण्याच्या जमैकात साखरेच्या इस्टेटी होत्या, गुलामांच्या जिवावर चालणाऱ्या. स्कॉटिश नावं कॅरिबियनमध्ये कशी रुजली त्याचं उत्तर अशाच इस्टेटींमध्ये सापडतं.

महाराष्ट्राशी या नावाचा धागा आहे, तो आडनावातून आलाय. सर जॉन माल्कम, जन्म १७६९, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या लँगहोमजवळचा, सतरा भावंडांतला एक, तेराव्या वर्षी कंपनी सरकारच्या फौजेत आला. १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध लढला, आणि जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो याच माल्कमकडे. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन त्यानेच कबूल केलं, त्यावर गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज चांगलाच वैतागला होता की एवढे कशाला. पुढे १८२७ ते १८३० हा मुंबईचा गव्हर्नर होता. सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून डोंगरावरची जागा घेऊन, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव देऊन, त्याने थंड हवेचं ठाणं वसवलं आणि त्या बाजाराच्या गावाचं नाव पडलं माल्कम पेठ. आज आपण स्ट्रॉबेरी आणि चणे घ्यायला महाबळेश्वरच्या ज्या मार्केटात फिरतो ना, ते हे. देवळांचं मूळ गाव निराळं, त्याला क्षेत्र महाबळेश्वर म्हणतात, बसमध्ये बसताना हा घोळ होतोच. माल्कम पेठ या दोन शब्दांत एका आयरिश संताचं कबुतर आणि आपली पेठ शेजारी शेजारी बसलेत, हे तिथल्या किती लोकांना माहीत असेल कोण जाणे. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीत, याचा संगमरवरी पुतळाही आहे. शिवाय मुंबईत, वसईत आणि गोव्यात ख्रिश्चन घरांत माल्कम हे नाव अजूनही ठेवतात.

लोकप्रियतेचं म्हणाल तर विसाव्या शतकात हे नाव स्कॉटलंडपुरतं राहिलं नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास जन्मलेल्या पिढीत माल्कम भरपूर सापडतात, नंतर मात्र नाव जुनाट वाटायला लागलं, आपल्याकडे पोराचं नाव आज कुणी पांडुरंग ठेवत नाही तसं. ऑस्ट्रेलियाला दोन माल्कम पंतप्रधान मिळाले, फ्रेझर आणि टर्नबुल. वेगाचा वेडा माल्कम कॅम्पबेल १९३५ मध्ये जमिनीवर ताशी ३०० मैलांच्या पुढे गाडी नेणारा पहिला माणूस ठरला. आपल्या क्रिकेटवेड्या पिढीसाठी तर माल्कम म्हणजे बार्बाडोसचा मार्शलच. १९८३ च्या कानपूर कसोटीत त्याच्या चेंडूने गावसकरच्या हातातली बॅट उडवली आणि गावसकर झेलबाद झाला, ते ज्यांनी बघितलं त्यांना अजून आठवतं. त्या मालिकेत मार्शलने ३३ बळी घेतले.

अमेरिकेत या नावाला वेगळंच वजन आलं ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या माल्कम एक्समुळे. जन्माने तो माल्कम लिटल, १९२५ चा. लिटल हे आडनाव गुलामांच्या मालकाने दिलेलं म्हणून त्याने टाकून दिलं आणि हरवलेल्या आफ्रिकन नावाच्या जागी एक्स लावला, पण पहिलं नाव, जे शब्दशः "सेवक" म्हणतं, ते तसंच राहिलं. १९६५ मध्ये त्याचा खून झाला आणि त्यानंतर कृष्णवर्णीय घरांमध्ये त्याच्या आठवणीत पोरांची नावं माल्कम ठेवली जायला लागली. नट माल्कम जमाल वॉर्नर, जन्म १९७०, हे त्याचं ठळक उदाहरण, त्याच्या नावातला जमाल हा जॅझ पियानोवादक अहमद जमालवरून आलेला.

खुद्द स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात कॅलमची लाट आली. तिथल्या सरकारी यादीत एक एल वाला आणि दोन एल वाला कॅलम वेगवेगळे मोजतात, त्यामुळे नुसता क्रमांक बघून खरा आकडा कळत नाही, दोन्ही ओळी मिळवून बघाव्या लागतात. माल्कम तिथे आता बहुतेक करून आजोबांचं नाव, आणि नातवाचं कॅलम.