शोधपेटीत टाकलेले शब्द

एखाद्या बातमीविषयी शंका आली की आपण ती सर्च इंजिनवर शोधतो आणि पडताळणी झाली असे मानतो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने या समजुतीला धक्का दिला. अमेरिकेतील सहभागींवर केलेल्या पाच प्रयोगांत असे आढळले की, खोट्या बातमीची शहानिशा करण्यासाठी ऑनलाइन शोध घेतल्यावर तीच बातमी खरी वाटण्याची शक्यता वाढते.

याचे एक कारण शोधपेटीत टाकलेल्या शब्दांत आहे. प्रयोगातील एका लेखात अमेरिकेवर ‘इंजिनिअर्ड फॅमिन’, म्हणजे मुद्दाम घडवून आणलेली उपासमार, ओढवणार असल्याचा दावा होता. हा जोडशब्द जसाच्या तसा शोधणाऱ्यांपुढे, नुसता ‘फॅमिन’ शब्द वापरणाऱ्यांच्या तुलनेत, अविश्वसनीय संकेतस्थळे अधिक आली. जबाबदारीने लिहिणारे असा शब्दप्रयोग सहसा करत नाहीत, त्यामुळे त्या शब्दांच्या वाटेवर तो रूढ करणारेच भेटतात. मायकेल गोलेबिएव्स्की आणि डॅना बॉइड या अभ्यासकांनी २०१८ मध्ये, विश्वासार्ह माहिती फारशी सापडत नाही अशा शोधशब्दांच्या जागांना ‘डेटा व्हॉइड’, म्हणजे माहितीची पोकळी, असे म्हटले होते. मराठीत वैद्यकीय माहिती शोधणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. ‘मधुमेह कायमचा बरा करणारा उपाय’ या शब्दांत उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. ‘मधुमेह उपचार’ या शब्दांत तसे नसते.

निकालांतील पहिला क्रमांक हाही सत्याचा दाखला नव्हे. १९९८ मध्ये मांडल्या गेलेल्या गूगलच्या ‘पेजरँक’ या क्रमवारी पद्धतीत इतर पानांनी दिलेल्या दुव्यांवरून पानाचे महत्त्व ठरत असे. आज त्यात इतर अनेक निकषांची भर पडली आहे, परंतु मजकूर खरा आहे का, हे त्यांतून थेट तपासले जात नाही.

मग पारखायचे कसे? स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी संकेतस्थळे कशी जोखतात, याचे निरीक्षण केले. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने त्यांना दाखवली गेली: एक संघटना १९३० पासूनची, हजारो सदस्यांची, दुसरी तिच्यातून फुटून २००२ मध्ये स्थापन झालेली, लहानशी. नीटनेटकी मांडणी आणि संदर्भांची यादी पाहून अनेक विद्यार्थी लहान संघटनेच्या पानावर विसंबले, आणि काही इतिहासतज्ज्ञही गोंधळले. तथ्य-तपासनीस मात्र ते पान वाचत बसले नाहीत. त्यांनी लगेच नवे टॅब उघडले, त्या संघटनेविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते शोधले आणि त्या निकालांतही पहिल्याच दुव्यावर क्लिक न करता आधी संपूर्ण यादीवरून नजर फिरवली.